बाटलीतला बेडूक, पावसातला बेडूक

राना टिग्रिना. ऐंशीच्या दशकात ज्यांनी बारावी सायन्स केलं किंवा झूलॉजी घेऊन बीएस्सी केलं, त्यांना हे नाव आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. फायलम कॉर्डाटा, क्लास ॲम्फिबिया, ऑर्डर अन्यूरा, जीनस राना, स्पिशीज टिग्रिना. जर्नलच्या कोऱ्या पानावर एचबी पेन्सिलने आकृती, समोरच्या रेघांच्या पानावर हे वर्गीकरण, खाली सरांची सही. बेडूक म्हणजे हाच. आणखीही बेडूक असतात, ते आपल्याच जिल्ह्यात राहतात आणि त्यांनाही नावं असतात, हा विषय कधी निघतच नसे.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात झूलॉजीची लॅब तळमजल्यावर होती. आत पाऊल टाकलं की फॉर्मॅलिन आधी डोळ्यांना झोंबायचं, मग नाकाला. प्रॅक्टिकलच्या दिवशी आमचे लॅब असिस्टंट, त्यांना सगळे मामाच म्हणत, ओल्या गोणपाटातून एकेक बेडूक काढून क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडायचे. कुणी म्हणायचं, "मामा, मला मादी द्या ना." मामा म्हणायचे, "आधी ओळखून दाखव, मग ने." मग ते स्वतःच बेडूक उताणा करून पुढच्या पायाचं पहिलं बोट बाजूला करून दाखवायचे. नराच्या त्या बोटाच्या बुडाशी एक जाडसर, खरखरीत गादी असते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना सुरकुतलेली काळपट कातडी. पुस्तकात ही दोन वाक्यं होती. आमच्या डोक्यात ती पक्की बसली ती मामांच्या बोटांमुळे.

मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा, चारही पायांत टाचण्या, वर पाणी. चिमट्याने कातडी उचलून कात्रीचा पहिला छेद घ्यायचा. आत हृदय अजून चालू असायचं. त्या क्षणी वर्गात कुणी बोलत नसे. हाताला जी शिस्त लागली ती तिथे लागली, हे मी मान्य करतो. धमनी तुटू न देता तिच्याभोवतीचा पापुद्रा सोडवणं ही मोठी कारागिरी आहे. पण बेडकाच्या आतलं सगळं तोंडपाठ असताना त्याच्या बाहेरचं काहीच आम्हांला ठाऊक नव्हतं. पहिल्या दमदार पावसानंतर याच बेडकाचा नर लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. ट्रेमधला बेडूक मातकट हिरवा आणि बाटलीतला राखाडी. आमच्यासाठी तोच त्याचा रंग.

ते दिवस गेले, आणि गेले ते बरं झालं. त्या काळात भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. 1987 मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. पुढे 2011 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांमधलं डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये ते थांबवण्याचाच निर्णय झाला. आज बीएस्सीची मुलं बेडकाचं हृदय संगणकाच्या पडद्यावर पाहतात. हाताची ती शिस्त त्यांना मिळत नाही याची मला खंत वाटते, पण ती मिळवायला जिवंत बेडूक लागत असेल तर ती न मिळालेलीच बरी.

बदललं ते नावही. हा बेडूक आता राना टिग्रिना नाही. फ्रान्सच्या दोदँ यांनी 1802 मध्ये बंगालातल्या बेडकावरून त्याला नाव दिलं तेव्हा ते 'राना टिगेरिना' असं लिहिलं होतं. पुढे कुणीतरी लॅटिन सुधारायला म्हणून त्याचं 'टिग्रिना' केलं, आणि तेच आमच्या पुस्तकांपर्यंत पोचलं. राना हा जीनस तर त्या काळी एकत्र कुटुंबाच्या रेशनकार्डासारखा होता. युरोपातला, आफ्रिकेतला, कोकणातला, जावातला, मिळेल तो बेडूक त्याच कार्डावर चढवलेला. विसाव्या शतकाच्या शेवटी ते कुटुंब विभक्त झालं. आलॅं द्युब्वा या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या या मोठ्या बेडकाला होप्लोबॅट्राकस या जीनसमध्ये नेलं. राना स्त्रीलिंगी, बॅट्राकस पुल्लिंगी, म्हणून शेपटीही बदलली आणि नाव झालं होप्लोबॅट्राकस टिगेरिनस. तसंच अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणाऱ्या खरबरीत भेकाचं. आम्ही त्याला बुफो मेलॅनोस्टिक्टस म्हणून ओळखत होतो. 2006 मध्ये बुफोची अशीच वाटणी झाली आणि तो डटाफ्रायनस झाला, ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्त यांच्या नावाने.

माझे काही समवयस्क प्राध्यापक या बदलांवर चिडतात. 'जन्मभर शिकवलं ते सगळं खोटं ठरवलं,' म्हणतात. मला तसं वाटत नाही. म्युझियममध्ये नमुन्याचं नाव बदललं तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी बांधतात. बाटलीतल्या अल्कोहोलात दोन-तीन पिढ्यांची अक्षरं एकत्र तरंगत असतात. त्यातली कुठलीच फेकून द्यायची नसते.

मला खरा बदल वाटतो तो नाव देण्याच्या जागेत. पूर्वी बेडकाचं नाव तो जिथे ओरडत होता तिथून फार लांब ठरायचं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बूलेंजर बसलेले. जगभरातून बरण्या त्यांच्याकडे यायच्या आणि ते कॅटलॉग लिहायचे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि बेडकांवर त्यांनी 1890 मध्ये लिहिलेलं पुस्तक पुढे कित्येक दशकं प्रमाण मानलं गेलं. माथेरानच्या एका छोट्या बेडकाला त्यांनी 1888 मध्ये राना लीथी असं नाव दिलं. माथेरानच्या झाडीत पाऊस कसा कोसळतो आणि त्या पावसात हा बेडूक कुठे बसतो, हे बरणीत येत नव्हतं. तोच बेडूक पुढे इंडिराना झाला आणि 2016 मध्ये वॉकेराना. हा शेवटचा जीनस स्थापन करणाऱ्यांत नीलेश डहाणूकर, निखिल मोडक आणि आनंद पाध्ये ही पुण्यातली मंडळी होती आणि नाव दिलं ते कोइंबतूरला राहून भारतातल्या दुर्लक्षित प्राण्यांसाठी आयुष्य वेचलेल्या सॅली वॉकर यांचं. माथेरान ते लंडन आणि लंडन ते पुणे एवढा प्रवास त्या बेडकाच्या नावाला करावा लागला, सव्वाशे वर्षांहून जास्त.

लंडननंतरचं ठिकाण कलकत्ता. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया 1916 मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले संचालक ॲनँडेल यांनी 1919 मध्ये मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांमधल्या बेडकांवर लिहिलं. त्यातला एक झुडपांवर राहणारा इवलासा बेडूक त्यांना कॅसल रॉकला मिळाला होता. कॅसल रॉक तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून नाव पडलं बॉम्बेएन्सिस. आज कॅसल रॉक कर्नाटकात आहे, तरी बेडूक मुंबईचाच. त्याचा जीनस मात्र बदलत गेला आणि 2010 मध्ये तो रावोर्केस्टीस झाला. यातले 'राव' म्हणजे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले नारायण राव. त्यांनी 1937 मध्ये दक्षिणेतल्या बेडकांच्या अनेक नव्या जाती नोंदवल्या होत्या. त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. नमुने गेले की नाव कुणाचं, हे ठरवणं किती कठीण होतं ते त्या कामात पडलेल्यांनाच कळतं. नवे अभ्यासक त्यांनी सांगितलेल्या जागी पुन्हा जाऊन बेडूक शोधत बसले आहेत. त्या माणसाचं नाव आता एका अख्ख्या जीनसला आहे, आणि त्याच जीनसमधल्या महाराष्ट्रातल्या एका जातीला 2013 मध्ये 'घाटेई' हे नाव मिळालं, पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे प्रा. हेमंत घाटे यांच्यावरून. माझ्या पिढीतल्या कितीतरी झूलॉजी शिक्षकांना त्या दिवशी आपल्या घरातलं कुणी सन्मानित झाल्यासारखं वाटलं.

साताऱ्याच्या माणसाने कोयनेबद्दल लिहायलाच हवं. कोयना धरणाचं काम पुरं होत आलं होतं त्या सुमारास, 1963 मध्ये, पी. डब्ल्यू. सोमण यांनी शिवाजीसागराच्या परिसरातल्या एका छोट्या भेकाचं वर्णन केलं आणि त्याला बुफो कोयनाएन्सिस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या ॲलिस ग्रँडिसन आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांनी त्याच भेकाला नवीन समजून दुसरं नाव दिलं, बुफो सल्फ्यूरियस, म्हणजे गंधकासारखा पिवळा. दोन्ही लेख सोसायटीच्याच जर्नलमध्ये आले. ईमेल नाही, फोटो नाही. टंकलेखित प्रत पोस्टाने जायची, नमुना बरणीतून बोटीने जायचा, आणि कुणाच्या हातात काय आहे ते छापून आल्यावरच कळायचं. अशा वेळी प्राणिनामांच्या नियमसंहितेत प्राधान्याचा नियम असतो: जे आधी छापलं ते टिकतं. सोमणांचं नाव टिकलं, आणि कोयना त्या भेकाच्या नावात राहिली. तरी सल्फ्यूरियस हे नाव लिहिणाऱ्यांनी त्या भेकाचा रंग नावातच नोंदवून ठेवला याचं मला फार मोल वाटतं. पिवळा रंग अल्कोहोलात झपाट्याने उतरतो. दहा वर्षांनी बरणीत बघाल तर तिथे एक फिकट राखाडी भेक असतो. तो कसा दिसत होता हे कुणीतरी तेव्हाच लिहून ठेवायला लागतं.

आणि आमच्या बीएस्सीच्या तीन वर्षांत या भेकाचं नाव एकदाही निघालं नाही. कोयना आमच्याच जिल्ह्यातली. जगात ज्याचं घर सह्याद्रीच्या या एवढ्या पट्ट्यात आहे तो प्राणी वर्गात आलाच नाही, आणि बंगालच्या बेडकाच्या प्रत्येक शिरेचा तुकडा आम्ही रंगवून दाखवला. अभ्यासक्रम करणाऱ्यांवर माझा अजूनही राग आहे, तो यासाठी.

2009 मध्ये बेडूक-अभ्यासक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेचा हा भेक बुफोमधून काढून झँथोफ्राइनी नावाच्या नव्या जीनसमध्ये ठेवला आणि त्याच्या शेजारी आंबोलीची एक नवी जात नोंदवली: झँथोफ्राइनी टिगेरिना. वाघाचं तेच विशेषण, जे दोदँनी बंगालच्या बेडकाला दिलं होतं, दोनशे वर्षांनी सिंधुदुर्गात आलं. यावेळी ते ज्यांनी दिलं त्यांनी तो भेक ओला, जिवंत, पट्ट्यापट्ट्यांचा बघितलेला होता.

निवृत्त झाल्यावर एका जूनमध्ये मीही आंबोलीला गेलो, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर. तो आता बेडकांवर संशोधन करतो. सड्यावर गुडघाभर धुकं, जांभ्याच्या खळग्यांत वितभर पाणी. त्याने मला हेडटॉर्च दिला आणि म्हणाला, "सर, पाय ठेवण्याआधी बघून ठेवा." खळग्याच्या काठावर जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा भेक बसलेला, कुशीवर काळे आणि पिवळे आडवे पट्टे, प्रकाशातही न हलणारा. माझ्या विद्यार्थ्याने आधी त्याला हात लावला नाही. रेकॉर्डर चालू केला, हवेचं तापमान टिपलं, कारण गारठ्यात ओरडण्याचा वेग बदलतो आणि तापमान लिहिलं नसेल तर आवाजाची तुलना करता येत नाही. मग जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, पाण्याची खोली, फोटो. शेवटी व्हर्नियर कॅलिपरने नाकाच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचं माप. आमच्या काळीही हेच माप, हाच कॅलिपर. ते बघून मला भरून आलं. नवीन जात नोंदवायची असेल तर पेशींचा एक कण शुद्ध अल्कोहोलात वेगळा ठेवतात, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. त्यातून मायटोकॉन्ड्रियाच्या 16 एस नावाच्या जीनचा तुकडा वाचून दोन सारख्या दिसणाऱ्या बेडकांमधलं अंतर काढता येतं. शासनाच्या परवानगीशिवाय यातलं काही करता येत नाही, हेही चांगलं आहे.

त्याच सड्यावर, जांभ्याच्या ओल्या कपारीत त्याने दुसरा बेडूक दाखवला. पाध्ये, मोडक आणि डहाणूकर यांनी 2014 मध्ये याच आंबोलीवरून त्याची नोंद केली: इंडिराना चिरावासी. हे नाव वाचून माझ्या शेजारच्या गवंड्यालाही कळलं की हा कुठे राहतो. इंडिराना बेडकांची पिल्लं तळ्यात पोहत नाहीत. लांब शेपटीची ती पिल्लं ओल्या दगडावरून सरपटत फिरतात. टॉर्चच्या उजेडात पाण्याचा पातळ पापुद्रा सुटलेल्या दगडावर तशी पाच-सहा पिल्लं मी बघितली. झूलॉजीत आयुष्य काढून बेडकाचं पिल्लू पाण्याबाहेर चालताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

महाबळेश्वरच्या एका बेडकाचीही गोष्ट अशीच. 1955 मध्ये भादुरी आणि कृपलानी यांनी त्याला निक्टीबॅट्राकस हुमायुनी असं नाव दिलं, मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. (याच अब्दुलअलींनी 1985 मध्ये बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर मोठा लेख लिहिला होता, दोन वर्षांत ती निर्यात थांबली.) लांबी, डोळ्यांमधलं अंतर, बोटांची टोकं असं त्याचं वर्णन करून झालं होतं. पण तो वागतो कसा हे कळायला साठ वर्षं गेली. कोयनेजवळच्या हुंबर्ली गावच्या ओढ्याकाठी अभ्यासकांनी 2010 ते 2012 च्या पावसाळ्यांत रात्री जागवल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध केलं की, याचा नर मादीला इतर बेडकांसारखा हातांनी धरत नाही. तो तिच्यावर बसतो तेव्हा हात पानावर किंवा फांदीवर टेकलेले असतात, आणि तिने अंडी घालण्याआधीच तो निघून जातो. बेडकांच्या मीलनाच्या माहीत असलेल्या पद्धतींत ही नवी भर पडली. शिवाय या जातीची मादीही आवाज करते. बरणीतल्या हुमायुनीकडे कितीही वर्षं बघितलं असतं तरी हे कळलं नसतं.

तरी पूर्वीच्यांना मी कमी लेखत नाही. ॲनँडेल यांनी 1919 मध्ये दख्खन आणि घाटातल्या भातखाचरांतल्या छोट्या बेडकाला दिलेलं 'सिहाड्रेन्सिस' हे नाव बघा. सह्याद्रीचं इंग्रज नकाशांमधलं जुनं स्पेलिंग त्यात अडकलंय, आणि नियमाप्रमाणे ते दुरुस्त करता येत नाही. पुढे 2001 मध्ये एका वेगळ्याच बेडकाला 'सह्याद्रिस' हे नाव मिळालं. दोघंही आज मिनर्वारिया या एकाच जीनसमध्ये आहेत. एकच डोंगर, दोन स्पेलिंगं, दोन बेडूक. एके काळी जपानपासून कोकणापर्यंतचे असे सगळे शेतबेडूक राना लिम्नोकॅरिस या एकाच नावाखाली होते. ॲनँडेल यांनी त्यांतला आपला वेगळा आहे हे डोळ्यांनी ओळखलं, आणि डीएनएने पुढे त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं.

माझ्या लहानपणी साताऱ्यात पहिल्या पावसाच्या रात्री घराच्या मागच्या डबक्यातून इतका आवाज यायचा की मोठ्यांना बोलणं थांबवून हसावं लागे. तिथे आता पार्किंग आहे. आंबोलीचा सडा अजून आहे, पण धबधबा बघायला येणाऱ्यांच्या गाड्या नेमक्या त्याच पावसाळी रात्री रस्त्यावरून जातात, ज्या रात्री टिगेरिना रस्ता ओलांडत असतो. त्याला नाव मिळालं तेव्हाच तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याइतका कमी जागेत उरलेला होता. नाव नसतं तर तो त्या यादीतही आला नसता. यादीला नाव लागतं, परवानगी नाकारणाऱ्या कागदाला नाव लागतं, कोर्टालाही नाव लागतं. सड्यावर रस्ता रुंद करायचा किंवा रिसॉर्ट बांधायचं ठरलं की आज आक्षेप घेणाऱ्याच्या हातात नेमकी जात असते आणि तिचा नेमका खळगा असतो. त्याबद्दल खुलासा विचारायला लंडनला पत्र पाठवून सहा महिने वाट बघावी लागत नाही. पुण्याला फोन केला तरी पुरतं, आणि पलीकडचा माणूस त्या खळग्यात स्वतः गुडघ्यावर बसलेला असतो.